परवाना असणाऱ्यांसाठीची ‘रिफ्रेशर’ शिकवणी : कोथरूडमधील एका ड्रायव्हिंग स्कूलचे परीक्षण

मोटार चालवण्याचा परवाना पाकिटात आहे, पण कित्येक वर्षांत स्टेअरिंगला हात लागलेला नाही, अशी माणसे आपल्याकडे घरोघरी सापडतात. कुणाची गाडी लग्नानंतर नवऱ्याच्या हाती गेली ती गेलीच, कुणी काही वर्षे परदेशात राहून आले, कुणाचे मोठे आजारपण झाले, तर कुणाला कंपनीच्या बसने इतकी वर्षे नेले-आणले की स्वतः गाडी काढायची वेळच आली नाही. अशा लोकांसाठी पुण्यातील अनेक ड्रायव्हिंग स्कूल ‘रिफ्रेशर’ या नावाने वेगळी शिकवणी देतात. कोथरूडमधील अशाच एका लहानशा स्कूलची शिकवणी मी या वर्षी पूर्ण केली, तिचे हे परीक्षण आहे. स्कूलचे नाव मुद्दाम देत नाही. या व्यवसायात पाटीपेक्षा प्रशिक्षक महत्त्वाचा असतो आणि एकाच स्कूलमधील दोघांच्या शिकवण्यात जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते, त्यामुळे नाव वाचून कुणी तेथे गेले तरी त्यांना माझ्यासारखाच अनुभव येईल याची खात्री देता येत नाही. तेथे काय शिकवले, कसे शिकवले आणि काय राहून गेले हे तपशिलाने सांगितले, तर प्रत्येकाला आपल्या भागातील स्कूल त्या कसोटीवर पारखून घेता येईल.

माझी पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. 2013 पर्यंत मी नियमित गाडी चालवत होते, पुढे नोकरीचे ठिकाण बदलले आणि गाडी सुटली. आता आईला फिजिओथेरपीसाठी वरचेवर न्यावे लागते, घरातील दुसरे कुणी त्या वेळी मोकळे नसते आणि प्रत्येक वेळी रिक्षा मिळेलच असे नाही. म्हणजे हौसेपेक्षा गरजच जास्त होती. मधल्या काळात शहर मात्र पार बदलून गेले. कर्वे रस्त्याच्या मधोमध मेट्रोचे खांब उभे राहिले आणि 6 मार्च 2022 पासून वनाज ते गरवारे कॉलेज मेट्रो धावू लागली. नळ स्टॉपला दुमजली पूल आला. चांदणी चौकातील जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे पाडला गेला आणि 12 ऑगस्ट 2023 रोजी तेथे चारी दिशांना फाटे फुटणारी नवी पुलांची गुंफण खुली झाली. आपण गाडी चालवायला विसरलो नाही असे कितीही म्हटले, तरी ज्या रस्त्यांवर ती चालवत होतो ते रस्ते आता उरलेले नाहीत, हे आधी मान्य करावे लागते.

या स्कूलमध्ये येण्यापूर्वी मी दुसऱ्या एका ठिकाणी काही फेऱ्या करून पाहिल्या होत्या. तेथील गाडीला प्रशिक्षकाच्या बाजूनेही क्लच आणि ब्रेक होते, जे प्रशिक्षणाच्या गाडीला असायलाच हवेत. मात्र ते गृहस्थ मोबाइलवर बोलता बोलता क्लचचे सगळे काम स्वतःच उरकत असत. गाडी कधी बंद पडत नसे, चढावर मागे सरकत नसे आणि शिकणाऱ्याला वाटे की आपल्याला सगळे जमते आहे. आपल्या पायाने काय केले आणि त्यांच्या पायाने काय केले याचा पत्ताच लागत नसेल, तर त्या फेऱ्यांना शिकवणी म्हणता येत नाही. म्हणून माझी पहिली सूचना हीच राहील की रिफ्रेशरची पहिली एक-दोन सत्रे प्रशिक्षणाच्या गाडीवर घ्यावीत आणि उरलेली सगळी, पुढे जी गाडी चालवायची आहे तिच्यावरच घ्यावीत. कोथरूडच्या स्कूलने ही पद्धत आपणहून सुचवली, आणि त्याच दिवशी माझा त्यांच्याविषयीचा विश्वास वाढला.

नव्याने शिकणाऱ्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांनी किमान 21 दिवसांचा कालावधी आणि प्रत्यक्ष 10 तासांचे वाहनचालन ठरवून दिले आहे. आधीच परवाना असणाऱ्याला किती तास लागतील हे मात्र माणसामाणसावर अवलंबून असते. त्यामुळे ‘इतक्या दिवसांत तयार करून देतो’ असे फोनवरच सांगणाऱ्या स्कूलपेक्षा, ‘आधी एक फेरी मारू, मग ठरवू’ असे म्हणणारे स्कूल निवडावे. येथे तसेच झाले. पहिल्या दिवशी प्रशिक्षिका शेजारी बसल्या आणि गाडी सुरू करण्याआधी बराच वेळ त्यांनी फक्त बसण्याकडे लक्ष दिले. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे, पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकले पाहिजे, डोक्यामागचा आधार मानेच्या नव्हे तर डोक्याच्या उंचीवर आला पाहिजे, हे सगळे त्यांनी जागच्या जागी करून घेतले. नंतर रस्त्याच्या कडेला दूरवर उभ्या असलेल्या एका गाडीची नंबरप्लेट वाचायला सांगितली. परवान्याच्या अर्जासोबतच्या स्वयंघोषणेत, चांगल्या उजेडात 25 मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट ओळखता येते का, असा प्रश्न असतो. आपण त्यावर डोळे झाकून ‘होय’ लिहितो. चाळिशी उलटलेल्यांनी आणि विशेषतः प्रोग्रेसिव्ह (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला) चष्मा वापरणाऱ्यांनी ही तपासणी खरोखर करून पाहावी, कारण त्या चष्म्यातून आरशाकडे तिरके पाहिले की कडेचे चित्र पुसट होते आणि मान वळवून पाहण्याची नवी सवय लावून घ्यावी लागते.

आरशांविषयी त्यांनी जे सांगितले ते मला वीस वर्षांपूर्वी मूळ शिकवणीत कुणीच सांगितले नव्हते. बाहेरच्या आरशात आपल्याच गाडीचा मागचा दरवाजा भरपूर दिसावा अशी आपली मांडणी असते आणि त्यामुळे आतल्या आरशात दिसते तेच बाहेरच्या आरशात पुन्हा दिसत राहते. त्यांनी मला डोके उजव्या काचेला जवळजवळ टेकवायला लावले आणि त्या स्थितीत गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवला. मग डोके गाडीच्या मध्यावर नेऊन डावा आरसा तसाच लावला. सरळ बसल्यावर आपली गाडी आरशात जवळपास दिसेनाशी झाली आणि शेजारची लेन दिसू लागली. मागून येणारी स्कूटर आतल्या आरशातून निघाली की लगेच बाहेरच्या आरशात उमटते, तेथून सुटली की डोळ्यांच्या कोपऱ्यात येते, हे त्यांनी गाडी उभी असतानाच, शेजारून जाणाऱ्या वाहनांवर मला दाखवले. ब्लाइंड स्पॉट, म्हणजे कोणत्याच आरशात न दिसणारी जागा, यामुळे पूर्णपणे जात नाही आणि लेन बदलताना खांद्यावरून एक नजर टाकावीच लागते, पण पुण्याच्या दुचाकींच्या गर्दीत या एका बदलाने माझी निम्मी धास्ती कमी झाली.

क्लच, गिअर आणि हाफ क्लच यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण हात-पाय आपले काम लवकर आठवतात. पौड फाट्याच्या उड्डाणपुलाच्या चढावर वाहतूक खोळंबलेली असताना हँडब्रेक ओढून, क्लच इंजिनची थरथर जाणवेपर्यंत सोडून, मग हँडब्रेक खाली करणे, ही जुनी रीत पुन्हा बसायला थोडाच वेळ लागला. प्रशिक्षिकांचेही म्हणणे हेच होते की परत येणाऱ्या चालकाची अडचण पायांत नसते, डोळ्यांत असते. रोज गाडी चालवणाऱ्याची नजर आपोआप लांबवर जाते, आरशांत जाते, फुटपाथकडे जाते आणि परत येते. खंड पडलेल्याची नजर बॉनेटला चिकटून राहते. गाडी चालवण्याची ती फिरती नजर परत मिळवून देणे हाच त्यांच्या शिकवणीचा गाभा होता, आणि त्याच कारणासाठी मी ही शिकवणी इतरांना आवर्जून सुचवते.

त्यासाठी त्यांची पद्धत अशी, की गाडी चालवताना जे जे दिसेल आणि ज्याने आपल्याला अडथळा होऊ शकेल, ते मोठ्याने बोलायचे. सुरुवातीला संकोच वाटतो आणि वाक्ये मागे पडतात, कारण जे बोलायचे ते मागे निघून गेलेले असते. मग हळूहळू नजर पुढे सरकते. ‘डावीकडे रिक्षा थांबली आहे, तिचे पुढचे चाक बाहेर वळलेले आहे, म्हणजे ती निघेल.’ ‘पीएमपीची बस थांब्यावर आहे, तिच्याखालून पावले दिसताहेत, कुणीतरी पुढून रस्ता ओलांडणार.’ ‘उभ्या गाडीत ड्रायव्हरच्या जागी डोके दिसते आहे, दरवाजा उघडेल.’ अशी वाक्ये तोंडून येऊ लागली की वेग आपोआप बेताचा होतो, त्यासाठी वेगळा उपदेश लागत नाही. मध्येच त्या अचानक विचारत, ‘काकू, तुमच्या मागे आत्ता कोण आहे?’ आणि आरशात न पाहता उत्तर द्यावे लागे. मागे टेम्पो आहे की मोकळा रस्ता आहे हे ठाऊक असेल, तरच ब्रेक किती जोरात दाबायचा हे ठरवता येते. शिकवण्याच्या या पद्धतीसाठी गाडीत कोणतेही महागडे उपकरण लागत नाही. शेजारी बसलेल्या माणसाचे पूर्ण लक्ष मात्र लागते, आणि तेच दुर्मीळ असते.

अंतर सोडण्याच्या बाबतीतही त्यांनी आपल्या रस्त्यांचे वास्तव सोडले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते, 60 च्या वेगाने जवळजवळ 17 मीटर. पाहणे, समजणे आणि पाय ब्रेकवर जाणे यात एखादा सेकंद सहज जातो आणि खंड पडलेल्या चालकाला त्याहून जास्त लागतो. म्हणून पुढच्या गाडीपासून किमान दोन सेकंदांचे, आपल्यासारख्यांनी तीन सेकंदांचे अंतर ठेवावे, हा हिशेब कोणीही सांगेल. पण पुण्यात एवढी जागा सोडली की तिच्यात दुचाकी शिरते, तिच्यामागून दुसरी शिरते, आणि बहुतेक जण त्या क्षणी चिडून अंतर कमी करून टाकतात. मी हे बोलून दाखवल्यावर त्या इतकेच म्हणाल्या, ‘शिरू द्या, काकू. ती गेली की पुन्हा अंतर सोडा.’ कर्वे पुतळ्यापासून डेक्कनपर्यंत अशा कितीही दुचाकींना वाट दिली, तरी पोहोचायला एक-दोन मिनिटांहून अधिक उशीर होत नाही, हे त्यांनी त्याच रस्त्यावर दोन्ही प्रकारे चालवायला लावून दाखवून दिले.

जुन्या गाडीवर शिकलेल्यांना एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. पूर्वी चाके लॉक होऊ नयेत म्हणून ब्रेक थांबून थांबून, ठोके दिल्यासारखा दाबायला शिकवत असत. आता 2019 पासून नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा, आलेले आहे आणि त्यावर ब्रेक तसा दाबला तर उलट गाडी थांबायला जास्त अंतर लागते. पाय एकदम, पूर्ण जोराने दाबून ठेवायचा आणि स्टेअरिंग वळवून अडथळा चुकवायचा. एनडीए रस्त्याच्या बाजूला, मागेपुढे कुणी नाही असे पाहून, साधारण 35 च्या वेगात त्यांनी हे प्रत्यक्ष करून घेतले. ब्रेकचे पेडल पायाखाली खडखडले, बुटाच्या तळव्याला ती धडधड स्पष्ट जाणवली, आणि पहिल्यांदा असे होते तेव्हा माणूस बिचकून पाय उचलतो, असे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते. हा खडखडाट बिघाडाचा नसतो, यंत्रणा आपले काम करत असल्याचा असतो. प्रसंग येण्यापूर्वी एकदा तरी तो अनुभवलेला असावा, कारण खऱ्या संकटात पाय उचलला गेला तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. घरी ऑटोमॅटिक गाडी आली असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. डाव्या पायाला काम नसते, पण जुन्या सवयीने तो क्लच शोधत ब्रेकवर आदळतो, म्हणून तो पाय पहिल्यापासून मागे ओढून ठेवण्याची शिस्त लावून घ्यावी.

चांदणी चौकासाठी त्यांनी एक पूर्ण सत्र राखून ठेवले, आणि ते सार्थकी लागले. मुळशीकडून येणारा, बावधन-पाषाणकडे उतरणारा, कोथरूडकडून महामार्गावर चढणारा, असे फाटे येथे एकामागून एक येतात आणि निर्णयासाठी वेळ थोडा मिळतो. त्यांनी आदल्या दिवशी घरी नकाशावर मार्ग पाहून येण्यास सांगितले होते आणि गाडीत मोबाइलचा आवाज बंद ठेवायला लावला, जेणेकरून पाट्या वाचण्याची सवय व्हावी. फाटा चुकला तर पुढे जायचे आणि जेथे वळता येईल तेथून वळून यायचे. पुलाच्या तोंडाशी थांबणे, आणि त्याहून वाईट म्हणजे गाडी मागे घेणे, कोणत्याही परिस्थितीत करायचे नाही. तेथे रोज कुणी ना कुणी रिव्हर्स घेताना दिसते आणि मागून महामार्गाच्या वेगात ट्रक येत असतात, ते पाहून छातीत धस्स होते.

नवले पुलाच्या उतारावर त्यांनी मला नेले नाही, आणि ते योग्यच केले, पण त्यामागचे कारण नीट समजावून सांगितले. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत महामार्गाला लांब, सलग उतार आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री तेथे एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली होती. इंधन वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणे किंवा इंजिनच बंद करणे, हे तेथील अपघातांच्या चर्चेत वारंवार पुढे येणारे कारण आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनचा रोध मिळत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की त्यांची पकड सुटत जाते, आणि इंजिन बंद असेल तर दोन-चार दाबांनंतर ब्रेकचे पेडल दगडासारखे कडक होते. छोट्या मोटारीलाही हेच लागू आहे. ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, ही घाटातील जुन्या ड्रायव्हरांची रीत त्यांनी वरंध किंवा ताम्हिणीला जाण्याचा बेत असेल तर पाठच करून जा, असे बजावले.

मागे बसणाऱ्यांच्या पट्ट्याबाबत त्या फार कडक होत्या. माझी मुलगी एकदा मागे बसली होती, तिने पट्टा लावेपर्यंत त्यांनी गाडी सुरू करू दिली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ मोटार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता, ही बातमी त्या वेळी घरोघरी बोलली गेली. तरीही आजही आपल्याकडे मागचे पट्टे सीटच्या फटीत गुंडाळून ठेवलेले असतात.

आता जे राहून गेले त्याविषयी. या स्कूलने प्रवेश देताना परवान्याची प्रत घेतली आणि मुदत तपासली, हे चांगले केले. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीनंतर मुदतीचे गणित बदलले आहे, ते अनेकांना ठाऊक नसते. तिशी पूर्ण होण्याआधी परवाना काढला किंवा नूतनीकरण केले तर तो वयाच्या चाळिशीपर्यंत चालतो, तीस ते पन्नास या वयात केले तर 10 वर्षे, पन्नास ते पंचावन्न दरम्यान केले तर साठीपर्यंत आणि त्यापुढे दर वेळी 5 वर्षे. पूर्वी मुदत संपल्यावरही 30 दिवस परवाना ग्राह्य धरला जात असे, ती सवलत आता राहिलेली नाही. मुदत संपून वर्ष उलटले असेल तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते, आणि चाळिशीपुढील अर्जदाराला डॉक्टरांचे प्रमाणपत्रही जोडावे लागते. जुन्या परवान्यावर जी तारीख छापली आहे ती आजच काढून पाहावी, कारण मुदत संपलेल्या परवान्यावर अपघात झाला तर विमा कंपनीला नुकसानभरपाई नाकारायला आयते कारण मिळते.

परवाना पाहिला, पण गाडी पाहिली नाही, ही या सेवेची मोठी उणीव आहे. माझी गाडी घरात रोज चालत होती म्हणून निभावले. माझ्याच वेळेला शिकायला येणाऱ्या एका गृहस्थांची गाडी मात्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये फार काळ उभी होती. बॅटरी बदलून, धुऊन-पुसून ती त्यांनी आणली. टायरवर नक्षी भरपूर होती, त्यामुळे टायर उत्तम आहेत असे त्यांना वाटले. टायरच्या बाजूला लंबगोलात चार अंक कोरलेले असतात. त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे ‘3516’ असेल तर टायर 2016 च्या पस्तिसाव्या आठवड्यातील. न वापरलेल्या टायरचेही रबर वयाने कडक होते, बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडतात आणि ओल्या रस्त्यावर पकड राहत नाही. त्या गृहस्थांच्या टायरला अशा भेगा होत्या, हे प्रशिक्षिकांच्या लक्षात पुढे केव्हातरी आले. ही तपासणी पहिल्या दिवशी, सीट आणि आरशांच्या सोबतच व्हायला हवी होती. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते, वायपरची रबरे उन्हाने भेगाळतात, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वी नोंदलेल्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट, तर प्रत्येक गाडीला टोलसाठी फास्टॅग, चालू पीयूसी आणि विमा लागतो. या सगळ्याचा एक छापील कागद प्रवेशाच्या वेळी हातात दिला, तर स्कूलचे काही जाणार नाही आणि शिकणाऱ्याचा जीव वाचेल.

दुसरी उणीव रात्रीच्या सरावाची आहे. सगळी सत्रे सकाळी किंवा दुपारी होती. खरी अडचण संध्याकाळी सातनंतर येते, जेव्हा समोरून येणारा प्रत्येक दुसरा माणूस अप्पर लावून येतो आणि वयाने मंदावलेल्या डोळ्यांना त्या झोतानंतर सावरायला वेळ लागतो. नजर समोरच्या दिव्यांवर न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पट्टीवर ठेवावी, आतल्या आरशाखालची कळ ओढून तो रात्रीच्या स्थितीत करावा, काच आतून पुसलेली असावी, एवढे तोंडी सांगितले गेले, पण सरावाशिवाय ते अंगवळणी पडत नाही. पावसातील सत्राचेही तसेच. माझी शिकवणी उन्हाळ्यात होती, हे खरे, पण पुण्यात पावसाळा चार महिने असतो आणि कोथरूडमध्ये पहिल्या पावसाच्या मिनिटाभरात काचा आतून धुरकटतात. त्या वेळी एसी काचेकडे सोडायचा की काच उघडायची हे गाडी थांबलेली असतानाही दाखवता आले असते.

शुल्क पाच हजारांच्या आत होते, नव्या शिकणाऱ्यांच्या पॅकेजपेक्षा प्रति तास थोडे महाग. स्वतःच्या गाडीवरील सत्रात पेट्रोल आपले जाते, हे धरून हिशेब करावा. मला हे पैसे वाजवी वाटले, कारण सत्राच्या अर्ध्या तासात प्रशिक्षिकांनी एकदाही फोन उचलला नाही आणि शेवटची पाच मिनिटे गाडी उभी करून काय सुधारले, काय नाही हे वहीत लिहून दिले. सकाळी सहा-सातच्या वेळा मागण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण रस्ते रिकामे असतात. पहिल्या काही सत्रांपुरते ते ठीक आहे. नंतर मात्र ज्या वेळी आणि ज्या रस्त्याने आपल्याला रोज जायचे आहे तीच वेळ आणि तोच रस्ता मागून घ्यावा. मी आईच्या फिजिओथेरपीची वेळ घेतली, तिच्या दवाखान्याच्या अरुंद गल्लीत समांतर पार्किंगसह, आणि शेवटच्या सत्राला आई मागच्या सीटवर पट्टा लावून होती. रात्रीचे सत्र हवे असल्यास हे स्कूल वेगळे शुल्क घेऊन देते, पण तसे फलकावर लिहिलेले नाही. प्रवेश घेतानाच विचारून, दिवस आणि मार्ग ठरवून पावतीवर लिहून घ्यावा.